ऊन लागलेल्याला नुसतं झोपवून ठेवू नका! पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, उन्हाळी कामात काय सांभाळायचं : सविस्तर माहिती

नाशिक रोड : मार्च सरला की जिल्ह्यात उन्हातली कामं एकदम वाढतात. उन्हाळ कांद्याची काढणी, द्राक्षबागांची खरड छाटणी, वीटभट्ट्या, पावसाळ्याआधी उरकायची घरांची आणि रस्त्यांची कामं, नाशिक रोडच्या माल धक्क्यावर वॅगनमधून उतरणारी सिमेंट-खताची पोती, हे सगळं ऐन उन्हात चालतं. याच दिवसांत कुणीतरी वावरात मटकन खाली बसतो, ‘गरगरतंय’ म्हणतो. सोबतचे त्याला झाडाखाली झोपवतात, ‘ऊन लागलं असंल, पडू द्या जरा’ म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. बहुतेक वेळा तो माणूस तासाभरात उठून बसतो. पण ज्या दिवशी तो उठत नाही, त्या दिवशी हातचा गेलेला तो तासच जिवावर बेततो.

आपल्याकडे ‘ऊन लागणं’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. पायात गोळा आला तरी ऊन लागलं, चक्कर आली तरी ऊन लागलं आणि माणूस बेशुद्ध पडला तरी ऊन लागलं. डॉक्टरांच्या लेखी मात्र यात मोठा फरक आहे. एकात विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. दुसऱ्यात मिनिटं मोजावी लागतात. हा फरक वावरात, धक्क्यावर किंवा बांधकामावर सोबत काम करणाऱ्यालाच ओळखावा लागतो, कारण त्या वेळी डॉक्टर तिथे नसतो.

थोडक्यात

- चक्कर आलेल्या माणसाला सावलीत न्या, पण एकटं सोडू नका.
- तो बरळत असेल, नीट उत्तर देत नसेल, झटके येत असतील किंवा बेशुद्ध असेल तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.
- घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका.
- नवीन आलेल्या किंवा सुट्टीवरून परतलेल्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण काम देऊ नका.

३८ अंशांनाही माणूस दगावतो

नाशिक म्हणजे थंड हवेचं ठिकाण, उष्माघात तिकडे विदर्भात, असा समज पक्का बसलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची असल्याने नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये बहुतेक दिवस ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. मालेगाव-नांदगावकडे तो ४२-४३ च्या पुढेही जातो. आकडा चंद्रपूरपेक्षा कमी दिसतो म्हणून माणूस बिनधास्त राहतो.

पण हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून चार-सव्वाचार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकावर तो घेतात. थेट उन्हात उभ्या माणसाला त्यापेक्षा सात-आठ अंशांनी जास्त झळ जाणवू शकते. भर दुपारी उघड्या मातीचं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं. कांदा कापणाऱ्या बाया याच मातीवर उकिडव्या बसून चार-चार तास काम करतात.

उष्णतेची लाट जाहीर करायचा नियमही माहीत असावा. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेला असेल, तर लाट मानतात. म्हणजे ३९ अंशांच्या दिवशी लाटेचा इशारा येणार नाही. पण ५० किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला तोच दिवस भारी पडू शकतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्यावर बसले होते. उन्हाचा त्रास होऊन १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ती माणसं काम करत नव्हती, फक्त उन्हात बसलेली होती. समुद्राकाठची दमट हवा आणि तासन् तासांचं ऊन एवढंच पुरलं. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाचा कडाका कमी होईपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. कार्यक्रमांची वेळ बदलली, वावरातली आणि धक्क्यावरची वेळ मात्र ज्याची त्यानेच बदलायची आहे.

शरीरात नेमकं काय होतं?

माणसाचं शरीर आतून साधारण ३७ अंशांवर चालतं. काम करताना स्नायू जेवढी ताकद खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे खोरं चालवणारा माणूस बाहेरून उन्हाने आणि आतून स्वतःच्या मेहनतीने, असा दोन्हीकडून तापतो.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे दोन मार्ग आहेत. एक, रक्त कातडीकडे वळवणं. दोन, घाम. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो अंगावरून वाळला तरच अंग गार होतं. म्हणून वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, ढगाळ उकाड्यात पारा उतरलेला दिसला तरी त्रास वाढतो. हवाच ओली असते, घाम वाळत नाही.

उन्हात जड काम करणाऱ्याचा तासाला एक ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. तेवढं पाणी आणि मीठ परत मिळालं नाही तर रक्तातलं पाणी घटतं. कातडीलाही रक्त हवं, स्नायूंनाही हवं, मेंदूलाही हवं. हृदय जोरात धावू लागतं. इथे माणूस थकतो, गरगरतो. इथवर शरीर लढत असतं. याच्या पुढे आतलं तापमान ४० अंशांच्या (१०४ फॅरनहाइट) वर गेलं की मेंदू, यकृत, किडनी यांना इजा होऊ लागते. तो उष्माघात.

ऊन लागण्याच्या चार पायऱ्या

१) पेटके : पोटरी, मांडी, पोटात गोळे येतात. घामावाटे मीठ गेल्याची ही खूण. काम थांबवा, सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक घ्या. तासाभरात गोळे गेले नाहीत, किंवा माणसाला हृदयाचा त्रास असेल, तर दवाखाना गाठा.

२) घेरी : एकदम उभं राहिल्यावर किंवा बराच वेळ एका जागी उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, माणूस पडतो. आडवं करून पाय थोडे वर ठेवले की दोन-चार मिनिटांत भानावर येतो.

३) उष्णतेचा थकवा : भरपूर घाम, अंग गार-चिकट, डोकं दुखणं, मळमळ, उलटी, हातपाय गळणं, नाडी जलद, चिडचिड, लघवी कमी आणि गडद. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पण त्याच्यात त्राण नसतं.

४) उष्माघात : माणसाचं भान हरपतं. बरळणं, झोकांड्या खाणं, ओळख न पटणं, विनाकारण भांडणं, झटके, बेशुद्धी. अंग चटका बसेल असं तापतं. उपचार लांबले तर मृत्यू होतो.

या पायऱ्या दर वेळी ओळीनेच येतात असं नाही. तरणाबांड गडी सकाळी धडधाकट असतो आणि दुपारी थेट चौथ्या पायरीवर जातो.

थकवा की उष्माघात? तीन प्रश्न विचारा

घाम आहे का नाही यावरून ठरवू नका, चूक इथेच होते. घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात झाला तर अंग कोरडं असू शकतं. पण काम करता करता उष्माघात झालेल्या मजुराचं अंग घामाने ओलंचिंब असू शकतं. खरी खूण आहे डोक्याची. त्याला विचारा :

- तुझं नाव काय?
- आपण कुठे आहोत?
- आज वार कोणता?

उत्तरं बरोबर आली, बोलणं स्पष्ट असेल, तर थकवा समजून उपचार करा आणि लक्ष ठेवा. उत्तर चुकलं, जीभ अडखळली, नुसतंच बघत राहिला, तर उष्माघात समजा. काखेतल्या तापमापकाचा आकडा कमी दिसला तरी त्यावर विसंबू नका, आतलं तापमान त्यापेक्षा जास्त असतं.

थकवा असेल तर

सावलीत, वारं लागेल असं आणा. टोपी, बूट, घट्ट कपडे सैल करा. आडवं करून पाय थोडे वर ठेवा. ओल्या फडक्याने मान, तोंड, काखा पुसा, वारा घाला. घोट घोट ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ताक द्या. एक माणूस त्याच्याजवळ बसलाच पाहिजे, आणि दर दहा मिनिटांनी वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारले पाहिजेत. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, उलट्या थांबल्या नाहीत, तर थेट दवाखाना.

त्या दिवशी त्याला पुन्हा कामाला लावू नका. ‘आता बरंय मला’ म्हणाला तरी नाही. दुसऱ्या दिवशीही उन्हातलं जड काम टाळलेलं बरं.

उष्माघात असेल तर : आधी गार करा, मग हलवा

इथे एकच सूत्र लक्षात ठेवायचं. आधी अंग गार करायचं, मग गाडीत घालायचं. तापलेल्या माणसाला पिकअपमध्ये टाकून ४० मिनिटं दवाखान्याकडे पळवलं, तर ती ४० मिनिटं मेंदू तापतच राहतो. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झालं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

१) एकाने लगेच १०८ ला फोन लावायचा. बाकीच्यांनी गार करायला सुरुवात करायची. फोनची वाट बघत थांबायचं नाही.

२) सावलीत आणा. अंगावरचे जास्तीचे कपडे काढा किंवा सैल करा. बाई असेल तर साडी-ओढणीचा आडोसा धरून कपडे सैल करा आणि अंगावरच्या पातळ कपड्यांवरून पाणी ओता. लाजेपायी थांबू नका.

३) पाणी ओता, भरपूर. विहिरीचं, हौदाचं, मोटारीच्या पाइपाचं, हंड्यातलं, जे असेल ते. डोक्यापासून पायापर्यंत सतत ओता आणि दोघांनी टॉवेल, पुठ्ठा, पाटीने जोरात वारा घाला.

४) ताडपत्री वापरा. कांदा झाकायची ताडपत्री प्रत्येक वावरात असते. माणसाला तिच्यावर निजवा, चौघांनी चारही कडा उचलून धरा, की ती टबासारखी होते. त्यात पाणी ओता, बर्फ मिळाला तर तोही टाका आणि पाणी हलवत राहा. डोकं आणि तोंड पाण्याच्या वर राहील असं एकाने धरून ठेवायचं. परदेशात खेळाडू आणि जवानांसाठी हीच पद्धत वापरतात, आणि ती आपल्याकडच्या सामानात होते.

५) बर्फ थोडाच असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघेत ठेवा. रसवंती, शीतपेयाचं दुकान, दूध डेअरी इथे बर्फ मिळतो.

६) उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

७) भानावर येऊन थंडीने कापू लागला की पाणी ओतणं थांबवा. श्वासच थांबला असेल तर छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा आणि १०८ वरच्या सूचना पाळा.

बेशुद्ध माणसाला शेततळ्यात किंवा विहिरीत उतरवू नका, बुडण्याचा धोका आहे. फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीतलं पाणीही अंगावर घेऊ नका, त्यात औषधाचा अंश असतो.

हे करू नका

*तोंडात पाणी ओतणं.* बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, दूध, सरबत काही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं.

*‘तापलेल्या अंगावर गार पाणी नको’ असं म्हणत थांबणं.* हा समज जीव घेतो. उष्माघातात गार पाणी हाच पहिला उपचार आहे. तसंच शुद्धीवरच्या माणसाला ‘उन्हातून आला, लगेच पाणी देऊ नका’ म्हणून ताटकळत ठेवायचं कारण नाही. घटाघटा नको, घोट घोट द्या.

*कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, दातखीळ उघडायला चमचा घालणं.* यात फक्त वेळ जातो, दात तुटतात. कांदा जेवणात जरूर खावा. खिशात किंवा टोपीत ठेवला तर शरीराचं तापमान त्याने उतरत नाही. जिल्हा कांद्याचा असला तरी हे काम कांद्याचं नव्हे.

*तापाची गोळी देणं.* हा संसर्गाचा ताप नाही. पॅरासिटामॉल, अॅस्पिरिनने हे तापमान उतरत नाही, उलट यकृत आणि रक्तावर भार येतो.

*चहा आणि बिडी पाजून ‘ताजं’ करणं.* यानेही वेळच जातो.

पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा

उन्हाची सवय म्हणतात ती खरी गोष्ट आहे, पण ती अंगाला लागायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. अमेरिकेत कामावर उन्हाने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच झाल्याचं दिसलं.

आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांवर येतात. आल्या दिवसापासून उक्तं काम सुरू होतं. लग्नसराईत आठ-दहा दिवस घरी बसलेला गडी परत आल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या जोमाने भिडतो. शाळा-कॉलेजच्या सुट्टीत पोरं पहिल्यांदाच कामावर येतात. या तिघांना धोका सारखाच आहे.

यासाठी साधा हिशेब असा आहे :

- नवा माणूस : पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकं. मग रोज पाचवा हिस्सा वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण काम.
- सरावलेला, पण आठवडाभर किंवा जास्त खंड पडलेला : पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के, चौथ्या दिवशी पूर्ण.

उरलेला वेळ त्याला सावलीतलं काम द्यावं. चाळीत कांदा निवडणं, क्रेट लावणं, सुतळी-तारेची कामं, अशी कामं कुठल्याही खळ्यावर निघतात.

कोणत्या कामात कुठे जपायचं

*द्राक्षबाग :* एरवी मांडवाखाली सावली असते. एप्रिलच्या खरड छाटणीत सगळ्या काड्या निघतात आणि मांडव उघडा पडतो. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि बागेत सावली शून्य, असा हा काळ आहे. हात वर करून, मान मागे टाकून काम चालतं, त्यामुळे घेरी लवकर येते. छाटणी पहाटे सुरू करून ११ पर्यंत आटोपावी.

*कांदा काढणी :* काम बहुतेक बायांचं आणि उक्त्यावर. जितकं लवकर सरेल तितका रोज सुटतो, म्हणून पाण्यालाही कुणी उठत नाही. त्यात आडोसा नसल्याने लघवीला जायची अडचण, म्हणून अनेक जणी मुद्दाम पाणी कमी पितात. हे फार धोक्याचं आहे. वावराच्या कडेला चार बांबू आणि साडी-नेटचा आडोसा करून दिला, तर बाया पाणी पितील. खर्च काहीच नाही.

*माल धक्का आणि बांधकाम :* बंद लोखंडी वॅगन दुपारी भट्टीसारखी तापते, आत वारं नसतं. वॅगनच्या आतला आणि बाहेरचा माणूस दर १५-२० मिनिटांनी बदलावा. स्लॅबवर, पत्र्यावर काम करणाऱ्याला घेरी आली तर वरून पडण्याचा धोका वेगळाच.

*पॉलिहाउस, शेडनेट :* सावली दिसते, पण आत गरम आणि दमट हवा कोंडलेली असते. मोहाडी-जानोरी पट्ट्यात फुलांची पॉलिहाउस आहेत. तिथे दुपारचं काम टाळावं आणि एकट्याने आत जाऊ नये.

*फवारणी :* अंगभर कोट, मास्क, हातमोजे घातले की घाम वाळत नाही. म्हणून फवारणी सकाळी किंवा संध्याकाळीच करावी. दुसरी गोष्ट महत्त्वाची. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही घाम, मळमळ, चक्कर अशीच लक्षणं दिसतात. तोंडातून लाळ गळणं, डोळ्यातून पाणी, बाहुल्या बारीक होणं ही त्यातली जास्तीची खूण. फवारणी केलेला माणूस आजारी पडला तर दवाखान्यात औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या आणि डॉक्टरांना तसं सांगा.

पाणी किती, कसं?

तहान लागायची वाट बघू नये. उन्हात जड काम करताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी. एका दमात दोन लिटर पिऊन तीन तास कोरडं राहण्याने काम होत नाही. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी पिणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखणं, उलट्या, झटके येऊ शकतात. म्हणून दोन तासांपेक्षा जास्त घाम निघणारं काम असेल तर मधे मीठ गेलंच पाहिजे. ताक, लिंबू-सरबत, कैरीचं पन्हं, नागलीची किंवा ज्वारीची आंबील, मीठ-भाकरी-चटणी, हे सगळं चालतं.

घरचं मीठ-साखर पाणी असं करावं : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग लावलेला नको. तयार ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्धी पुडी अर्ध्या बाटलीत, असा अंदाजपंचे कारभार नको. छोटी पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापाने. फळांच्या चवीची गोड पाकिटं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली आहे. घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघावा. बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पाणी पुरतंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. कोऱ्या चहासारखी तांबूस-काळपट असेल तर स्नायू आणि किडनीला इजा झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

किडनीचा विषय हलका घेऊ नये. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरण्या मजुरांच्या किडन्या मोठ्या संख्येने निकामी झाल्या. वर्षानुवर्षं कडक उन्हात, पाणी आणि विश्रांतीविना केलेली मेहनत हे त्याचं प्रमुख कारण मानलं जातं. तिथे सावली, पाणी आणि ठरलेली विश्रांती सुरू केल्यावर किडनीची इजा कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे ऊन माणसाला एका दिवसात मारतं, तसं ते दर हंगामात थोडं थोडं झिजवतंही.

कोणाला जास्त धोका?

- साठीच्या पुढचे, लहान मुलं, गरोदर महिला. गरोदरपणात जास्त उष्णतेने वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो.
- साखर, बीपी, हृदय, किडनीचे रुग्ण.
- लघवी वाढवणारी बीपीची गोळी, मानसिक आजाराची काही औषधं, सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या घेणारे. औषध मनाने बंद करू नये, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारावं.
- आदल्या रात्री दारू प्यायलेले, जुलाब-ताप असलेले, उपाशीपोटी किंवा उपवासाने कामावर आलेले.
- आधी एकदा उष्माघात झालेले.

मुकादम आणि मालकाने काय करायचं?

मजूर स्वतःहून थांबत नाही. रोज बुडेल, टोळीत हसू होईल, म्हणून तो रेटत राहतो. थांबा म्हणायचं काम मुकादमाचं आणि मालकाचं आहे.

- काम पहाटे ६ ते ११ आणि दुपारी ४ नंतर. मधला वेळ सुट्टी.
- तासाला दहा मिनिटं सावलीत बसणं सक्तीचं. सावली नसेल तर ताडपत्री किंवा शेडनेट बांधून करा.
- पिण्याच्या पाण्याचा ड्रम काम जिथे चालू आहे तिथे. वावराच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर कुणी जात नाही.
- जोड्या लावा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष द्यायचं. एकट्याला लांबच्या गटात पाठवू नका.
- सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे, टोपी किंवा पटका, मानेवर ओला गमछा.
- ओआरएसच्या पुड्या, १०८ नंबर आणि सगळ्यात जवळचा बर्फ कुठे मिळतो याची माहिती, या तीन गोष्टी रोज सकाळी तयार.

यात उपकाराचा भाग नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामाच्या जागी पिण्याचं पाणी, विश्रांती, सावली आणि प्रथमोपचार पेटीची तरतूद केलेली होती. आखातातल्या कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, लोकांना माहिती, असं त्याचं स्वरूप आहे. एवढं तर एखादी ग्रामपंचायतही करू शकते. सकाळी दवंडीच्या जागी व्हॉट्सअॅप ग्रुपवर इशारा, पाणपोई, मंदिर किंवा समाजमंदिर दुपारी मजुरांना उघडं ठेवणं, एवढ्यावर सुरुवात होते.

फोन करताना काय सांगायचं?

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोन लागल्यावर घाईत ‘लवकर या’ एवढंच सांगून ठेवू नका. गाव, तालुका, शिवारातली खूण (मळा, फाटा, मंदिर, डीपी), रुग्णाचं वय, शुद्धीवर आहे की नाही, हे सांगा. ‘उन्हात काम करताना भान हरपलं’ हे शब्द वापरा. एका माणसाला मोटारसायकलवर फाट्यावर उभं करा, म्हणजे गाडी शिवारात चुकणार नाही.

पळसे, शिंदे, चेहेडी, सामनगाव, एकलहरे या बाजूच्या गावांना नाशिक रोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय जवळ पडतं. इतर तालुक्यांत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं. तालुक्याच्या दवाखान्याचा आणि आशाताईंचा नंबर उन्हाळ्याआधीच मोबाईलमध्ये घालून ठेवावा. हवामान विभागाचे जिल्हावार इशारे ‘मौसम’ अॅपवर मिळतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे बाहेरचं काम टाळा.

उष्माघातातून वाचलेला माणूस आठवड्यात हिंडू-फिरू लागला तरी त्याचं शरीर पुढचे काही आठवडे ऊन पूर्वीसारखं सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याला उन्हात पाठवू नये. आणि टोळीत कुणी ‘गरगरतंय’ म्हणाला, तर त्याच्यासोबत एक माणूस बसवा. त्या एका माणसाचा अर्धा तासाचा रोज बुडेल, तेवढंच.